मुलीला भेटायला बल्गेरियाला जातोय. फिरायचं कधी, आणि फिरावं का?

पाऊसवेडी
नमस्कार. आम्ही दोघं अमेरिकेत राहतो. बल्गेरियातून मूल दत्तक घ्यायचं ठरवलं होतं, आता चार वर्षांच्या एका मुलीची फाईल आली आणि आम्ही होकार कळवला. फेब्रुवारीच्या शेवटी पहिल्या भेटीला निघतोय. ती प्लोवदिव शहरात राहते. नियमाप्रमाणे निदान पाच दिवस तिच्या सहवासात काढायचे, मग परत यायचं, आणि कोर्टाचा निकाल लागला की तिला आणायला पुन्हा जायचं.

भेट रोज सकाळी आणि संध्याकाळी थोडा थोडा वेळ असेल, असं एजन्सीनं सांगितलंय. मधली अख्खी दुपार मोकळी. नवरा म्हणतो राजधानी सोफिया बघू, रिलाचा मठ बघू, पुढच्या खेपेला लेक सोबत असेल तेव्हा यातलं काही जमायचं नाही. त्याचं चुकीचं नाही. पण ती तिकडे तिच्या खोलीत आणि आपण चर्चचे घुमट बघत हिंडतोय, हे माझ्या मनाला लागतं. नातेवाईक विचारतात, "मग, काय काय बघणार?" आणि मला उत्तर सुचत नाही. या वाटेने गेलेलं कुणी असेल तर सांगा.

चिमणचारा
पाऊसवेडी, मनापासून अभिनंदन! आमचा मुलगा बल्गेरियातलाच, आता दहा वर्षांचा झालाय. तुम्ही फिरा, नक्की फिरा. फक्त सुरुवात प्लोवदिवपासून करा.

का ते सांगते. मूल घरी रुळलं की प्रश्न सुरू होतात, आणि ते मठांबद्दल नसतात. मी राहायचो तिथून नदी दिसायची का? आमच्या दाराचा रंग कोणता होता? बाहेर कुत्रा होता ना? फाईलमध्ये वजन, उंची, लसी, सगळं असतं, पण दाराचा रंग नसतो. तो तुम्हालाच बघून यावा लागतो. माझा मुलगा अजूनही झोपताना एखादा असा प्रश्न काढतो, आणि "हो, मी पाहिलंय" असं म्हणता येतं याचं मला फार मोल वाटतं. मोकळी दुपार त्यासाठीच वापरा. ती राहते त्या गल्लीतून चालत जा. कोपऱ्यावरचं दुकान, बसचा थांबा, शाळेचं फाटक, सगळ्याचे फोटो घ्या.

मग शहर. प्लोवदिवचा मुख्य रस्ता गाड्यांना बंद आहे आणि त्याच्या पोटात रोमन स्टेडियम आहे. जुमाया मशिदीजवळ जमीन उघडी ठेवली आहे, कठड्यावरून वाकलं की खाली दगडी बाकांची अर्धगोल रांग दिसते. माणसं शेजारून पिशव्या घेऊन चाललेली असतात. तिथून चढ चढलात की जुनं गाव आणि रोमन थिएटर. ते 1970 च्या दशकात उत्खननातून बाहेर आलं, आजही तिथे कार्यक्रम होतात. आणखी वर नेबेत तेपे टेकडी. तिथून मारित्सा नदी आणि सगळं शहर दिसतं. दुभाषी सोबत असेल तर तिचं घर कोणत्या बाजूला ते विचारून घ्या आणि त्या दिशेचा फोटो काढा. आमच्याकडे असा एक फोटो मुलाच्या खोलीत लावलाय.

तुम्ही 1 मार्चला तिथेच असाल. त्या दिवशी सगळे एकमेकांना मार्तेनित्सा देतात, लाल-पांढऱ्या दोऱ्याची. करकोचा किंवा फुललेलं झाड दिसेपर्यंत ती मनगटावर ठेवतात. मुलीसाठी एक घेऊन जा, तिच्या हातून तुमच्याही बांधून घ्या. भाषा येत नसताना दोघांनी मिळून करायला असं काहीतरी लागतंच.

रिला मात्र शेवटी ठेवा. निरोप घेतल्यानंतरचा दिवस फार जड असतो. विमानाची वाट बघत हॉटेलच्या खोलीत बसू नका. आम्ही त्या दिवशी रिलाला गेलो. सोफियापासून साधारण 120 किलोमीटर, वर जाताना दोन्ही बाजूंना जंगल. अंगणात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कमानी आणि मधे चौदाव्या शतकातला ख्रेल्योचा बुरूज. बाकीचा मठ 1833 च्या आगीत जळाला, लोकांनी पुन्हा बांधला. चर्चच्या ओसरीत भिंती-छत चित्रांनी भरलेलं आहे, तिथे मी पोटभर रडले. कुणी काही विचारलं नाही.

उत्तरायण
चिमणचाराताईंचं बरंचसं पटतं, एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. दुपारी हिंडण्याआधी झोपा. चार वर्षांचं मूल सकाळभर पळवतं, त्यात जेटलॅग. संध्याकाळच्या भेटीला तुम्ही पेंगत असाल तर दुपारी पाहिलेल्या रोमन दगडांचा काय उपयोग? आमच्या लेकीच्या पहिल्या भेटीत आम्ही दर दुपारी आधी तिच्याबद्दल लिहून काढायचो: काय खाल्लं, कशाला घाबरली, उजवा हात वापरते की डावा, चालताना पाय कसा टाकते. परतल्यावर डॉक्टरांनी हेच विचारलं.

एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. बल्गेरियात मान आडवी हलवली की "हो" आणि वर झटकली की "नाही". लहान मुलंही तेच करतात. तिनं मान हलवली म्हणून बाहुली उचलून ठेवू नका! तोंडी "दा" की "ने" ते ऐका.

आता पैसे. 1 जानेवारी 2026 पासून तिथे युरो आहे, जुन्या माहितीपुस्तकांत लेव्हा हे आधीचं चलन दिसेल तिकडे लक्ष देऊ नका. सोफियात अर्धाच दिवस मिळाला तर सेंट जॉर्ज रोटुंडा बघा, चौथ्या शतकातली लाल विटांची इमारत, सरकारी इमारतींच्या चौकात लपलेली. वेळ उरला तर बोयाना चर्च. 1259 सालची भित्तिचित्रं आहेत. आत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात, तीही दहा मिनिटं. रिलाची सात तळी या खेपेला विसरा, मार्चमध्ये तिथे बर्फ असतो.

पाऊसवेडी
दोघांचेही खूप आभार. वाचून डोळे भरून आले. नवऱ्यालाही दाखवलं, सोफिया शेवटी ठेवायला तो तयार आहे. आणखी एक विचारते. तिलाच बाहेर घेऊन जाता येईल का? बाग वगैरे?

चिमणचारा
ते तिथल्या लोकांवर आहे. विचारून बघा, सहसा सांभाळणाऱ्या बाई सोबत येतात. परवानगी मिळाली तर त्सार सिमेओन बाग चांगली, झाडं आहेत, मुलांना खेळायला जागा आहे. पण पहिल्या दोन दिवसांत नको. तिच्यासाठी तुम्हीच नवीन आहात, तेवढं नवं तिला पुरे. हॉटेल, रेस्तराँ, गर्दीचा बाजार हे तर या खेपेला अजिबात नको.

सांभाळणाऱ्या बाईंना झोपताना कोणतं गाणं म्हणता ते विचारा आणि त्यांची हरकत नसेल तर त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून आणा. आमच्या मुलाला घरी आणल्यावर पहिले काही आठवडे त्या गाण्याशिवाय झोप लागत नव्हती. प्लोवदिवच्या दुकानातून बल्गेरियन चित्रांची पुस्तकंही घ्या, एक तिच्यापाशी ठेवा, तेच दुसरं तुमच्यापाशी.

फोटो काढाल त्यात इतर मुलांचे चेहरे येऊ देऊ नका, आणि निकाल लागेपर्यंत तिचे फोटो कुठेही टाकू नका, घरच्यांच्या ग्रुपवरही नाही.

उत्तरायण
अल्बम निघण्याआधीच करून घ्या. तुमचे दोघांचे, तुमच्या घरातल्या तिच्या खोलीचे, दाराचे फोटो, जाड पानांचा, खाली बल्गेरियन भाषेत नावं. शेवटच्या दिवशी नाही, पहिल्याच दिवशी द्या, म्हणजे तुम्ही तिथे असतानाच तो रोज तिच्यासोबत बघून होईल. आणि एक प्रत सांभाळणाऱ्या बाईंकडे वेगळी ठेवा, मुलं पानं फाडतात.