इंदूरकरांनो, ब्रेकडाउन कव्हर इन्शुरन्सबरोबर घ्यावं की गाडीच्या कंपनीकडून?

रामबागकर
पुढच्या आठवड्यात माझा कार इन्शुरन्स संपतोय. एजंट नेहमीसारखं म्हणाला, ‘आरएसए टाकून देतो, थोडक्यात बसतं.’ आरएसए म्हणजे रोडसाइड असिस्टन्स, रस्त्यात गाडी बंद पडली तर मदत देणारं, विम्याला जोडून घ्यायचं कव्हर (अ‍ॅड-ऑन). या वेळी मी नाही म्हणणार आहे. का ते लिहितो, कारण आपल्यातले बरेच जण वर्षातून दोन-तीनदा धुळे, नाशिक, पुणे करतातच.

मागच्या मे महिन्यात पुण्याला निघालो होतो. सेंधव्याच्या पुढे बिजासन घाटात बॅटरीचा लाल दिवा लागला आणि पाठोपाठ टेम्परेचरचा काटा चढला. बेल्ट तुटला होता. रात्रीचे साडेनऊ, मागच्या सीटवर आई, ट्रकांच्या तापलेल्या ब्रेकचा वास, आणि चाकाला लावायला मुलगा मोबाइलच्या उजेडात दगड शोधतोय. आरएसएला फोन लावला तर पलीकडून प्रश्न, ‘सर, पिनकोड सांगा.’ घाटात कुठला पिनकोड सांगू? चाळीस मिनिटं त्यातच गेली. मग कळलं की फुकट टोइंग फक्त २५ किलोमीटर. पुढचे पैसे आमचे. गाडी टोचन करून इंदूरला आणेपर्यंत साडेसात हजार गेले.

माझं मत पक्कं झालंय. काहीशे रुपयांचं अ‍ॅड-ऑन घेऊ नका. थोडे जास्त जाऊ द्या, पण गाडी बनवणाऱ्या कंपनीचीच योजना घ्या. त्यांना आपलं मॉडेल माहीत असतं आणि वर्कशॉपही त्यांचंच असतं.

सुदामानगरची
दादा, आईंना घेऊन रात्री घाटात अडकणं काय असतं ते समजू शकते. पण तुमचा निष्कर्ष मला पटला नाही. २५ किलोमीटरची अट त्या पॉलिसीची होती, सगळ्या अ‍ॅड-ऑनची नाही. कंपनीच्या योजनेतही ‘जवळच्या अधिकृत वर्कशॉपपर्यंत’ हेच शब्द असतात. घाटात बंद पडलेली गाडी दीडशे किलोमीटर मागे इंदूरला आणून देऊ, असं सहसा कुणीच लिहून देत नाही.

मी रिन्यूअलच्या वेळी दोन्ही कागद शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचली. किमतीत चौपट फरक होता. सेवा जवळजवळ त्याच: टोइंग, बॅटरी जंप स्टार्ट, स्टेपनी बदलून देणं, किल्ली आत राहिली तर दार उघडणं, पेट्रोल आणून देणं (पेट्रोलचे पैसे आपलेच). फरक दोनच ठिकाणी निघाला, टोइंगचे किलोमीटर आणि वर्षातून किती वेळा बोलावता येतं. माझ्या अ‍ॅड-ऑनमध्ये किलोमीटर जास्त होते, म्हणून मी तेच घेतलं.

आणखी एक, कारण हा गैरसमज घरोघरी आहे. फुल इन्शुरन्स आहे म्हणजे गाडी बंद पडली तरी विमा कंपनी उचलून नेईल, असं नाही. यांत्रिक आणि इलेक्ट्रिकल बिघाड मूळ पॉलिसीत वगळलेला असतो. अपघातानंतर गाडी हलवायला खाजगी कारच्या प्रमाणित पॉलिसीत १५०० रुपयांपर्यंत मिळतात, तेही अपघात असेल तरच. बेल्ट तुटला तर शून्य. आणि नुसतं थर्ड पार्टी असेल तर हे अ‍ॅड-ऑन सहसा मिळतच नाही.

महूवाले काका
दोघांचंही ऐकलं. मला विचाराल तर हा पैसाच चुकीच्या जागी जातोय. पस्तीस वर्षं आग्रा-मुंबई रोडवर गाडी चालवतोय. रामबागकर, तुमचा बेल्ट एका दिवसात तुटला नाही. त्याला आधी भेगा पडल्या असणार, सकाळी गाडी सुरू करताना तो किंचाळला असणार. निघायच्या आदल्या दिवशी छावणीतल्या मिस्त्रीला बोनेट उघडून दाखवलं असतं तर घाट सुखरूप पार झाला असता. बॅटरी चार वर्षांची झाली की बदला, स्टेपनीत हवा आहे का ते बघा, बेल्ट आणि होजपाइप तपासून घ्या.

रस्त्यावर काही झालंच तर १०३३ आहे. राष्ट्रीय महामार्गाची हेल्पलाइन, चोवीस तास. टोल भरतो त्यातच क्रेन आणि गस्तीची गाडी येते. तिथे पिनकोड सांगत बसायचं नाही. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा वाचायचा, गाडी धुळ्याकडे जाणाऱ्या बाजूला आहे की इंदूरकडे, आणि मागचा टोलनाका कुठला, एवढं सांगायचं.

सुदामानगरची
काका, दगडाचा आकडा वाचायचं एकदम बरोबर, मी लिहून ठेवलंय. पण १०३३ ची क्रेन गाडी रस्त्यातून बाजूला घेते, सुरक्षित जागी नेऊन सोडते. गॅरेजपर्यंत पोचवणं तिचं काम नाही. पुढे काय? माझी मुलगी भोपाळला नोकरी करते, शनिवारी एकटी गाडी घेऊन येते. आष्ट्याजवळ रात्री गाडी बंद पडली तर छावणीतला मिस्त्री तिथे जाणार आहे का? राष्ट्रीय महामार्ग सोडून दुसऱ्या रस्त्यावर असेल तर १०३३ सुद्धा नाही. तिच्या फोनमध्ये एक नंबर असावा आणि तो उचलला जावा, एवढ्यासाठी मी ते पैसे भरते. देखभाल तर करायचीच. पण नव्या गाडीचंही टायर खिळ्याने फुटतं.

महूवाले काका
ताई, एकट्या मुलीचं म्हणणं मान्य. तिथे मी वाद घालणार नाही. पण घरात दोन माणसं, गाडी राजवाडा ते विजयनगर एवढीच फिरते, त्यांनी कशाला घ्यायचं? शहरात दर चौकात मेकॅनिक आहे.

नवलखा_ईव्ही
भिया लोक, एक गोष्ट राहिली. ऑटोमॅटिक किंवा इलेक्ट्रिक असेल तर साखळी बांधून ओढू देऊ नका, मोटर किंवा गिअरबॉक्स जाईल. इंजिन किंवा मोटर ज्या चाकांना फिरवते ती चाकं ओढताना जमिनीला लागता कामा नयेत. फ्लॅटबेडच (गाडी पूर्ण वर चढवून नेणारा ट्रक) मागवा, आणि कव्हर घेताना फ्लॅटबेड मिळणार का ते विचारा. मी स्वतः कंपनीचीच योजना ठेवली आहे, कारण माझ्या गाडीचं शिकलेलं माणूस बाहेर मिळत नाही. ईव्हीला रामबागकरांचं म्हणणं लागू पडतं.

रामबागकर
काका, बेल्टचं खरं आहे. दोन आठवडे सकाळी आवाज येत होता, मी दुर्लक्ष केलं. ताई, तुमचं वाचून जुना कागद काढला. २५ किलोमीटर पान तीनवर बारीक अक्षरांत छापलेत. तरीही मी कंपनीच्या योजनेकडेच झुकतोय, कारण सेंधव्यात आणि धुळ्यात त्यांचं वर्कशॉप आहे. पण आज एजंटला तीन प्रश्न पाठवले: टोइंग किती किलोमीटर, वर्षातून किती वेळा, आणि मध्य प्रदेशाच्या हद्दीपलीकडे चालतं का. ‘चालतं ना साहेब’ एवढंच उत्तर आलं.

सुदामानगरची
ते फोनवरचं धरू नका. त्याला सांगा, पॉलिसीतल्या त्या ओळीचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव. आणि तोच प्रश्न कंपनीच्या शोरूमलाही विचारा.