मदत हवी आहे : चढावर नाडी नीट मोजणारं घड्याळ कोणतं?
दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढतो. सध्याचा बँड स्कूटरवर बसलेले धक्केही पावलांत धरतो. वर मनगट घामेजलं की नाडीचा आकडा 150 वरून एकदम 90 वर येतो, छाती मात्र धडधडतच असते. डॉक्टरांनी नाडीवर लक्ष ठेवायला सांगितलंय, त्यामुळे अंदाजपंचे आकडा नकोच.

गार्मिन फोररनर 165 की ॲपल वॉच एसई, इथे अडलोय. हवेच्या दाबावरून उंची मोजायची सोय दोन्हींत आहे. बॅटरी कंपन्यांच्या सांगण्यानुसार गार्मिनची 11 दिवसांपर्यंत, ॲपलची 18 तास. रोज चार्जिंग माझ्याच्याने होणार नाही. पण चढावर नाडी कुणाची खरी? छातीला बांधून नाडी मोजणाऱ्या पट्ट्याशी कुणी ताडून पाहिलंय का? दाट झाडीत जीपीएस भरकटतो का, तेही कृपया सांगा.