मदत हवी आहे: स्वमग्न मुलाशी घरात अहिराणी बोलणे खरोखर बंद करावे का?

नमस्कार. माझा मुलगा साडेसहा वर्षांचा असून तो चार वर्षांचा असताना त्याला स्वमग्नता असल्याचे निदान झाले. प्रश्न त्याच्या बोलण्याचा आहे तितकाच घरातल्या आणखी एका माणसाच्या न बोलण्याचाही आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आम्ही चोपडा तालुक्यातील एका गावात राहतो. माझे माहेर नाशिकचे, त्यामुळे मी प्रमाण मराठी बोलते. यजमान दोन्ही बोलतात. सासूबाईंना मराठी समजते, पण तोंडात अहिराणीच येते. केळीची बाग, कापसाची वेचणी आणि उपचारांसाठी जळगावच्या फेऱ्या यांत आम्हा दोघांचा दिवस निघून जातो, म्हणून शाळेबाहेरचा मुलाचा बहुतेक वेळ सासूबाईंजवळच जातो. यजमान त्यांना ‘माय’ म्हणतात, म्हणून तोही ‘माय’च म्हणतो.

तीन वर्षांचा होईपर्यंत तो बोलत नव्हता. ऐकू येत नसावे असे वाटून आम्ही आधी बेरा तपासणी करून घेतली. कान उत्तम निघाले. पुढे काही महिन्यांनी त्याचे पहिले वाक्य आले, तेही बागेत. मोटार सुरू होऊन ठिबकच्या नळीतून थेंब पडू लागले की सासूबाई “पानी उनं” म्हणत, तेच त्याने उचलले. मग गेलेली वीज आली, एसटी आली, ताटात खिचडी पडली, की तो “पानी उनं” म्हणू लागला. पाणी कुठे आले, असे पाहुणे विचारत, आणि याचा अर्थ त्याला आनंद झाला आहे, असे आम्ही समजावून सांगत असू. तहान लागली की तो “तुले पानी देऊ का?” असे म्हणतो, कारण तांब्या हातात येण्यापूर्वी त्याच्या कानावर नेहमी हेच वाक्य पडलेले आहे.

चार महिन्यांपूर्वी आमच्या स्पीच थेरपिस्ट बदलल्या. नव्या मॅडम मनापासून शिकवतात, यात शंका नाही. परंतु पहिल्याच भेटीत त्यांनी सांगितले की दोन भाषांमुळे अशा मुलांचा गोंधळ होतो, तेव्हा घरात एकच भाषा ठेवावी, ती शाळेची असावी आणि अहिराणी पूर्ण बंद करावी. मी मान डोलावली आणि घरी येऊन तसे सासूबाईंना सांगितले. त्या वाद घालणाऱ्यांतल्या नाहीत. त्यांनी त्या दिवसापासून नातवाशी बोलणेच सोडले. ताट पुढे ठेवतात, पाठीवरून हात फिरवतात, पण शब्द काढत नाहीत.

कानबाईच्या रोटांना, म्हणजे आमच्या खानदेशातल्या श्रावणातल्या सणाला, घर भरलेले असताना ढोल सुरू झाले आणि तो कानांवर हात ठेवून कोठीच्या खोलीत जाऊन बसला. एरवी अशा वेळी सासूबाई त्याच्याशेजारी बसून एकच वाक्य हळू आवाजात पुन्हा पुन्हा म्हणत आणि तो निवळत असे. या वेळी त्या उंबऱ्यापाशी तशाच उभ्या राहिल्या. मी आत गेले, पण माझ्या तोंडून ते वाक्य त्याला चालले नाही.

न्यायाने सांगायचे तर चित्रकार्डांवरची फळे आणि रंग तो आता मराठीत ओळखतो. मात्र स्वतःहून बोलणे कमी झाले आहे आणि “पानी उनं” मी कित्येक दिवसांत ऐकलेले नाही. शाळेतही भाषेचीच अडचण आहे. घंटा वाजली की तो “कान दुखतस” म्हणतो आणि वर्गातली मुले त्याचा सूर हुबेहूब काढून दाखवतात, जरी त्यांतल्या निम्म्या मुलांच्या घरी हीच बोली असते. 2011 च्या जनगणनेत अहिराणी ज्या खानदेशी गटात मोजली आहे, त्या गटातली मातृभाषा सांगणारे 18 लाखांहून अधिक लोक आहेत. उपचाराच्या खोलीत मात्र ती बोली म्हणजे मुलाला लागलेली खोड समजली जाते, याचे मला अलीकडे फार वाटू लागले आहे.

मॅडमचा सल्ला बरोबर आहे का? नसेल, तर त्यांना न दुखावता हे कसे सांगावे? कारण एसटीने जाऊन येण्याजोग्या अंतरावर आम्हाला दुसरे कोणी माहीत नाही. आणि सासूबाईंना पुन्हा बोलते कसे करावे?

प्रतिसाद 1 (वाचा-उपचारतज्ज्ञ, मूळ गाव धुळे जिल्ह्यात)

ताई, हा सल्ला माझ्या पिढीतील अनेकांनी दिलेला आहे आणि कित्येक वर्षे मीही देत होते, म्हणून तुमच्या मॅडमना एकट्यांना दोष देता येणार नाही. तथापि दोन भाषांत वाढणारी स्वमग्न मुले एकाच भाषेत वाढणाऱ्या स्वमग्न मुलांपेक्षा बोलण्यात मागे पडतात, असे आजवरच्या अभ्यासांत आढळलेले नाही. उलट, घरच्या माणसांना जी भाषा सहज येत नाही तीत बोलायला लावले की त्यांची वाक्ये आखूड होतात, थट्टा आणि गाणी संपतात, आणि तुमच्याकडे झाले तसे बोलणेच थांबते. मुलाच्या कानावर पडणारी भाषा त्यामुळे घटते.

“पानी उनं” ही चूक नाही. काही मुले सुटे शब्द न उचलता अख्खे वाक्य प्रसंगासकट उचलतात आणि पुढे त्याचे तुकडे करून नवी वाक्ये जुळवतात. “तुले पानी देऊ का?” हेही तसेच आहे. त्याला दुरुस्त करू नका. त्याच्या जागी उभे राहून त्याने म्हणायचे वाक्य आपण म्हणा, म्हणजे “मले पानी दे”, आणि लगेच पाणी द्या. तुम्ही “मला पाणी दे” म्हणालात तरी चालेल. चित्रकार्ड तेच ठेवावे; ज्याने त्याने आपल्या भाषेतला शब्द म्हणावा.

मॅडमशी वाद घालण्याऐवजी आजी-नातवाच्या बोलण्याचे पाच मिनिटांचे चित्रीकरण त्यांना दाखवा आणि दोन्ही भाषांतले शब्द एकत्र मोजण्याची विनंती करा. त्याची खरी शब्दसंपत्ती तेवढी आहे.

प्रतिसाद 2 (भुसावळ)

मी स्वतः स्वमग्न आहे आणि माझे निदान वयाच्या तिशीत झाले. भाषेविषयी वर योग्य ते लिहिले आहे. माझे म्हणणे कोठीच्या खोलीविषयी आहे. तो तिथे जाऊन बसला, याकडे आपण बिघाड म्हणून पाहू नये, कारण ती त्याने स्वतः शोधलेली सोय आहे. पुढच्या वर्षी ढोल वाजण्यापूर्वीच ती खोली रिकामी करून तिथे गोधडी अंथरून ठेवा आणि पाहुण्यांना आत डोकावू देऊ नका. माझ्या लहानपणी अशा वेळी मला ओढून लोकांत आणून बसवत असत; त्या पंगतींचा वास अजून आला तरी जेवण जात नाही.

प्रतिसाद 3 (जिल्हा परिषद शिक्षक, साक्री तालुका)

वर्गशिक्षिकेला एक वही द्यावी: डाव्या बाजूला तो म्हणतो ते वाक्य, उजव्या बाजूला त्याचा अर्थ. माझ्या वर्गात अशा वहीने तक्रारी निम्म्यावर आल्या, आणि अर्थ सांगण्याचे काम मी अहिराणी बोलणाऱ्या मुलांनाच दिल्यावर नकला थांबल्या. घंटेविषयी तोंडी न बोलता लेखी अर्ज करावा. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील 21 प्रकारांत स्वमग्नता आहे आणि कलम 16 नुसार विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करणे शाळेवर बंधनकारक आहे. तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे तज्ज्ञ असतात. अर्जाची प्रत त्यांनाही द्यावी.

मूळ लेखिका

सर्वांचे आभार. पहिला प्रतिसाद यजमानांनी काल रात्री सासूबाईंना अहिराणीत सांगितला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि एकच शंका काढली: मीच “मले पानी दे” म्हणाले, तर मलाच तहान लागली असे त्याला वाटणार नाही का? मला उत्तर देता आले नाही.

प्रतिसाद 1 यांच्याकडून

सासूबाईंची शंका अगदी रास्त आहे. मी ते अर्धवट लिहिले. तांब्या सासूबाईंच्या हातात असावा, मुलगा त्यांच्यासमोर असावा आणि त्याच्या पाठीशी बसून “मले पानी दे” हे यजमानांनी म्हणावे. ते म्हणताच सासूबाईंनी काही न विचारता पाणी द्यावे. पाणी देताना त्यांना काय बोलायचे ते त्यांना बोलू द्यावे.