मदत हवी आहे: आई-मुलीची पहिली युरोप सहल, सप्टेंबर, १४ रात्री

मधुमालती

आई (६३) आणि मी (२९), दोघीच. दोघींची पहिलीच युरोपवारी, तीही टूर कंपनीशिवाय. भारतीय पासपोर्ट. आईला रक्तदाबाची गोळी चालू आहे. सपाटीवर ती आरामात चालते, पण जिन्यांवर गुडघे बोलतात. दोघी शाकाहारी.

कच्चा आराखडा: पॅरिस ३ रात्री, लंडन २, ॲमस्टरडॅम १, ल्युसर्न २, व्हेनिस १, फ्लॉरेन्स २, रोम ३. जाण्यायेण्याचं विमान पॅरिसचंच बघतेय.

पॅरिसला उतरणार म्हणजे व्हिसा फ्रान्सचाच ना? रेल्वे पास घ्यावा की सुटी तिकिटं? युंगफ्राऊयोख (स्वित्झर्लंडमधलं उंचावरचं बर्फाळ ठिकाण) आईला झेपेल का? आणि हॉटेल ठरवताना काय बघायचं? सुचेल ते सगळं सांगा, काटछाटही चालेल.

रूळवेडा

काटछाटीपासूनच सुरू करतो. चौदा रात्रींत सात मुक्काम, म्हणजे सहा वेळा बॅगा उचलायच्या आणि परतीचं विमान गाठायला रोमहून पुन्हा पॅरिस. मुक्काम हलवला की अर्धा दिवस गेला असं धरा. सकाळी दहा-अकराला खोली सोडायची, नवी खोली दुपारी दोन-तीनशिवाय मिळत नाही, मधला वेळ स्टेशनं आणि लॉकर यांत जातो. ॲमस्टरडॅमच्या एका रात्रीत हाती लागेल एक संध्याकाळ.

लंडन तर सरळ काढा. ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात नाही, वेगळा व्हिसा, वेगळी फी. शिवाय पॅरिसहून लंडनला गेलात की शेंगेनमधून बाहेर पडलात. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर लंडनहून ॲमस्टरडॅमच्या गाडीत बसूच देणार नाहीत.

मी असं मांडेन: पॅरिस ४, ल्युसर्न ३, व्हेनिस २, रोम ५. फ्लॉरेन्स रोमहून एका दिवसात करा. वेगवान गाडीने दीड तास लागतो, सामान रोममध्येच राहतं. बॅगा हलवायच्या फक्त तीनदा.

विमान पॅरिसला उतरणारं आणि रोमहून परतणारं घ्या. शोधताना 'मल्टी-सिटी' निवडायचं. दोन एकेरी तिकिटं वेगवेगळी काढली तर बहुधा महाग पडतात.

शिक्कामोर्तब

व्हिसाबद्दल. कुठे उतरता यावर अर्ज ठरत नाही. ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे अर्ज करायचा. दिवस समान असतील तरच पहिल्या प्रवेशाचा देश. वरच्या मांडणीत फ्रान्स ४, स्वित्झर्लंड ३, इटली ७. म्हणजे इटली. तुमच्या मूळ आराखड्यातही इटलीच्याच ६ रात्री होत्या. चुकीच्या देशाकडे दिलेला अर्ज घेतलाच जात नाही, आणि तोवर योग्य देशाच्या अपॉइंटमेंट संपलेल्या असतात.

अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. निर्णयाला नेहमी १५ दिवस, कागद अडले तर ४५ पर्यंत. सप्टेंबरची सहल म्हणजे मार्चपासून दार उघडं. मे-जूनमध्ये गर्दी उसळते, त्याआधी उरकलेलं बरं. जून २०२४ पासून फी मोठ्या माणसाला ९० युरो, व्हिसा केंद्राचं शुल्क वेगळं. नकार आला तरी फी परत नाही.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन पानं कोरी असलेला हवा. विमा किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा, मायदेशी परत आणण्याच्या खर्चासकट. इथे एक खाच आहे. व्हिसापुरत्या स्वस्त पॉलिसीत आधीपासूनचे आजार सहसा वगळलेले असतात. आईचा रक्तदाब फॉर्ममध्ये लिहा आणि तो धरणारी पॉलिसी घ्या, चार पैसे जास्त गेले तरी.

विमानाचं नुसतं आरक्षण चालतं, पूर्ण पैसे भरलेलं तिकीट लागत नाही. हॉटेलंही रद्द करता येणारी धरा. मात्र चौदाच्या चौदा रात्रींचे पुरावे हवेत, मध्ये एक रात्र मोकळी दिसली की प्रश्न येतो.

मधुमालती

लंडन आणि ॲमस्टरडॅम गेले! खर्च सगळा माझा आहे. आईचं स्वतःचं उत्पन्न नाही, आणि लग्नानंतर माझं आडनाव बदललंय. अडचण येईल का?

शिक्कामोर्तब

येत नाही, नातं कागदावर दिसलं की झालं. अर्ज दोघींचे वेगळे. दोघींनी प्रत्यक्ष जायचं, बोटांचे ठसे प्रत्येकीचे. आईच्या फाइलमध्ये तुमचं खर्चाची हमी देणारं सहीचं पत्र, तुमची बँक स्टेटमेंट आणि आयटी रिटर्न यांच्या प्रती, आणि तुमचा जन्मदाखला, ज्यावर आईचं नाव आहे. तुमचा पासपोर्ट नव्या आडनावाने असेल तर विवाह प्रमाणपत्राची प्रतही जोडा, म्हणजे जन्मदाखल्यावरची मुलगी आणि पासपोर्टवरची बाई एकच हे जुळतं. तुमच्या फाइलमध्ये नोकरीचं पत्र आणि मंजूर रजा. अर्जाच्या आधी आठवडाभर खात्यात अचानक मोठी रक्कम भरू नका. अधिकारी शिल्लक बघतो, तसा ती कुठून आली हेही बघतो.

व्हिसाचा स्टिकर हातात पडला की तिथेच तीन गोष्टी वाचा: नावाचं स्पेलिंग, किती प्रवेश, किती दिवस. उतरण्याचा आणि निघण्याचा दिवस, दोन्ही मोजले जातात. चौदा रात्री म्हणजे पंधरा दिवस. अर्जात १४ लिहिले आणि १४ च मिळाले, तर शेवटचा दिवस बेकायदा.

रूळवेडा

आता गाड्या. तुमच्या मार्गावर सगळ्या युरोपचा पास घेऊ नका. फ्रान्सच्या टीजीव्ही या वेगवान गाडीत आणि इटलीच्या वेगवान गाड्यांत पास असला तरी आसनाचं आरक्षण सक्तीचं, त्याचे पैसे वर. पास फायद्याचा ठरतो तो जर्मनी, ऑस्ट्रियासारख्या ठिकाणी, जिथे बहुतेक गाड्यांत नुसतं चढून बसता येतं. तुमचे लांबचे प्रवास मोजून चार आहेत, सुटी तिकिटं आधी काढली की स्वस्त.

पॅरिसच्या गार द लियों स्टेशनवरून स्वित्झर्लंडच्या सीमेवरचं बाझेल सुमारे तीन तास, तिथून ल्युसर्न एक तास. पॅरिसमध्ये सहा-सात मोठी स्टेशनं आहेत, त्यामुळे तिकिटावरचं नाव नीट वाचा. गार द लियों म्हणजे लियों शहर नव्हे. ल्युसर्नहून मिलान साधारण सव्वातीन तास. गाडी ५७ किलोमीटरच्या गोटहार्ड बोगद्यातून जाते. मिलानला गाडी बदलून व्हेनिस अडीच तास. बदलायला किमान पाऊण तास ठेवा, सीमा ओलांडणारी गाडी वीस मिनिटं उशिरा येणं नवलाचं नाही. व्हेनिसचं स्टेशन सांता लुचिया. आधीचं मेस्त्रे मुख्य भूमीवर आहे, तिथे उतरू नका.

टीजीव्हीची दारं सुटण्याच्या दोन मिनिटं आधी बंद होतात. शिवाय कधी दोन गाड्या जोडून एकच लांबलचक गाडी केलेली असते आणि आतून एकीतून दुसरीत जाता येत नाही. फलाटावरच्या फलकावर डब्याचा क्रमांक शोधायचा, त्याखालचं अक्षर बघायचं आणि फलाटावरच्या त्या अक्षरापाशी उभं राहायचं. गाडी आल्यावर डबा शोधत पळणं आईच्या गुडघ्यांना परवडणार नाही.

इटलीच्या साध्या प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटाजवळच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवायचा. राहिलं तर तिकीट असूनही दंड. वेगवान गाडीला हे लागत नाही.

निवांत

युंगफ्राऊयोख ३,४५४ मीटरवर आहे आणि गाडी तुम्हाला दोन-अडीच तासांत तिथे नेऊन ठेवते, शरीराला सवय व्हायला वेळच नाही. वर प्राणवायू खालच्यापेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. नियंत्रणात असलेल्या रक्तदाबाची माणसं जातात, पण डॉक्टरांना हा आकडा सांगून विचारा, नुसतं 'स्वित्झर्लंड' म्हणू नका. ल्युसर्नहून येऊन-जाऊन अख्खा दिवस जातो आणि तिकीट भलतंच महाग.

माझं मत विचाराल तर ल्युसर्नजवळचा रिगी डोंगर. १,७९८ मीटर, म्हणजे धाप लागणार नाही. ल्युसर्नच्या धक्क्यावरून बोटीने फिट्झनाऊ, तिथून दातेरी रुळांच्या गाडीने थेट माथ्यावर. ही १८७१ पासूनची, युरोपातली पहिली पर्वतीय रेल्वे. उतरताना वेगिसच्या बाजूने केबलकार आणि पुन्हा बोट. स्विस ट्रॅव्हल पासमध्ये यातलं सगळं येतं, युंगफ्राऊला मात्र त्यावर फक्त सवलत मिळते. तुम्हाला तीन दिवसांचा पास पुरेल, बाझेलला उतरल्यापासून सुरू करा. डोंगराचा दिवस आधी ठरवू नका. सकाळी वरचा वेबकॅम बघा. खाली ऊन आणि वर नुसतं पांढरं धुकं, असं सर्रास होतं.

जिन्यांचा हिशेब आधीच मांडून ठेवा. आयफेलला लिफ्ट आहे, तिकीट ६० दिवस आधी खुलं होतं, लिफ्टचंच घ्या. पॅरिसच्याच आर्क द ट्रिऑम्फ कमानीला २८४ पायऱ्या. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलच्या घुमटाला ४६३ आणि लिफ्ट नाहीच. व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स बॅसिलिकेच्या घुमटाला ५५१, लिफ्ट घेतली तरी वरच्या ३२० उरतात, आणि तो जिना शेवटी इतका अरुंद व तिरका होतो की मध्येच वळून परत येता येत नाही. तिथे तुम्ही चढा, आई खाली बॅसिलिका निवांत बघेल. दोघींनी प्रत्येक गोष्ट एकत्रच केली पाहिजे असं थोडंच आहे?

पॅरिसची मेट्रो म्हणजे जिनेच जिने. पूर्ण मार्गावर लिफ्ट असलेली एकच, १४ नंबरची. आईसोबत बस बरी, शहरही दिसतं. फक्त जानेवारी २०२५ पासून मेट्रोचं आणि बसचं सुटं तिकीट वेगळं झालंय, एकावर दुसरं चालत नाही. तिकिटं भरून ठेवायचं नाविगो ईझी कार्डही प्रत्येकीचं वेगळं लागतं.

संग्रहालयं बंद असण्याचे वार: पॅरिसची लूव्र मंगळवारी, ओर्से सोमवारी, फ्लॉरेन्सची उफीत्सी आणि अकादेमिया सोमवारी, व्हॅटिकन संग्रहालय रविवारी (महिन्याचा शेवटचा रविवार सोडून). म्हणजे फ्लॉरेन्सला सोमवारी जाऊ नका. कोलोसियमचं तिकीट नावावर असतं, पासपोर्टवरचंच नाव टाका आणि पासपोर्ट सोबत ठेवा. व्हॅटिकनला खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बिनबाह्यांवर ओढणी पुरते.

चावीवाली

हॉटेलबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. 'डबल' म्हणजे एक मोठा पलंग, 'ट्विन' म्हणजे दोन. दोघींना वेगळी झोप हवी असेल तर ट्विन धरा आणि निरोप पाठवून पक्कं करा. पुष्कळदा दोन पलंग जोडून एकच चादर टाकलेली असते, सांगितलं की वेगळे करून देतात.

'लिफ्ट आहे' एवढ्यावर समाधान मानू नका. पॅरिस आणि रोमच्या जुन्या इमारतींत लिफ्ट कधी अर्धा जिना चढल्यावर सुरू होते, आणि तीही एवढी चिंचोळी की एक माणूस आणि एक बॅग, बस. विचारायचं असं: रस्त्यापासून लिफ्टपर्यंत पायऱ्या किती? दुसरा प्रश्न न्हाणीघराचा. टबात उभं राहून अंघोळ म्हणजे गुडघाभर उंच कड ओलांडायची, तीही ओल्या पायाने. सपाट शॉवर मागा. शहरकर बहुतेक ठिकाणी हॉटेलातच वेगळा भरावा लागतो.

व्हेनिसमध्ये खोली सांता लुचिया स्टेशनच्याच बाजूला घ्या, लिस्ता दी स्पान्या रस्त्यावर. स्टेशनातून बाहेर पडून डावीकडे वळलात की एकही पूल ओलांडावा लागत नाही. समोरच्या तीरावरचं हॉटेल नकाशात दोनशे मीटर दिसतं, पण मध्ये स्काल्झीचा पूल, दोन्ही अंगांनी पायऱ्या आणि हातात बॅगा. फिरायला १ नंबरची वापोरेत्तो, म्हणजे तिथली बोटीची बस. हळू जाते, पण सबंध ग्रँड कॅनाल बसल्या जागी दाखवते.

बॅग प्रत्येकीची एकच, आणि जी स्वतःला चार पायऱ्या चढवता येईल तेवढीच. तुम्ही दोन्ही उचलणार असाल तर पासपोर्टच्या पर्सकडे कोण बघणार?

दुकानातलं यंत्र 'रुपयांत की युरोत' असं विचारतं. नेहमी युरो, स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक. रुपये निवडले की दर त्यांच्या मर्जीचा. आईच्या पर्समध्येही एक वेगळं कार्ड आणि पन्नासेक युरो असू द्या. आपला तीन पिनांचा प्लग कुठेच बसत नाही. मोबाइल चार्जरचा चपटा दोन पिनांचा युरोप्लग तिन्ही देशांत चालतो. गोळ्या हातातल्या बॅगेत, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव, कारण ब्रँडचं नाव तिथल्या औषधवाल्याला कळणार नाही. बाहेरून युरोपीय संघात दूध-तुपाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. पेढे आणि तुपाची बरणी घरीच.

मधुमालती

किती नेमकं सांगितलंत सगळ्यांनी! एक शेवटचं. आईला धास्ती गर्दीत चुकामूक होण्याची. तिच्याकडे फोन असेल, पण तो पर्समधून निघून उघडेपर्यंत...

रूळवेडा

दोघींच्या फोनमध्ये वेगळं सिम किंवा ई-सिम हवंच, तुमच्या हॉटस्पॉटवर आईचा फोन ठेवू नका. पण फोनशिवाय चालणारा नियम आधी ठरवा. मेट्रोचं दार मध्येच बंद झालं तर जी गाडीत आहे तिने पुढच्याच स्टेशनला उतरायचं आणि फलाटावर जिथे उतरली तिथेच थांबायचं. जी मागे राहिली तिने त्याच फलाटावरून त्याच दिशेची पुढची गाडी धरायची आणि एक स्टेशन जायचं. दोघींनी उलट फिरायचं नाही, नाहीतर दोन गाड्यांतून एकमेकींना ओलांडून जाल. संग्रहालयात भेटीची जागा म्हणजे तिकीट दाखवून आत आलो ते दार. आणि हॉटेलचं कार्ड आईच्या पर्समध्ये नको, खिशात. पर्सच गेली तर कार्डही गेलं.