स्विच दोन मिनिटं बंद आणि दोन्ही सर्व्हर एकदम रिस्टार्ट, असं का झालं?

प्रश्न

मंडळी, मी एका साखर कारखान्यात सर्व्हर सांभाळतो. प्रॉक्समॉक्सचे (एका सर्व्हरवर अनेक व्हीएम, म्हणजे आभासी कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) दोन नोड, म्हणजे दोन सर्व्हर, त्यांचं क्लस्टर (एकत्र जोडलेला गट), व्हीएमच्या डिस्क एका नॅसवर (नेटवर्कवरची सामायिक साठवण) एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरून. वजनकाट्याची व्हीएम एका नोडवर, ऊसबिलांची दुसऱ्यावर, दोन्ही एचएमध्ये (एक नोड पडला तर व्हीएम दुसऱ्यावर आपोआप चालू करणारी सोय).

मंगळवारी रात्री नेटवर्क स्विचचं (सर्व्हर आणि नॅसच्या वायरी जिथे जोडतात ते यंत्र) फर्मवेअर अपडेट केलं. स्विच जेमतेम अडीच मिनिटं बंद होता. सर्व्हरला कोणी हात लावला नाही, तरी दोन्ही आपोआप रिस्टार्ट झाले! काटा चालू व्हायला १४ मिनिटं गेली. ऐन हंगाम, ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्यांची रांग गेटबाहेर डांबरी रस्त्यापर्यंत. संध्याकाळपासून थांबलेल्या गाडीवानाला काय सांगायचं? काटा बंद पडू नये म्हणूनच एचए लावलं होतं. आता ते काढूनच टाकू का?

उत्तर १

काढू नका. सर्व्हरने केलं ते बरोबरच केलं.

दोन नोड म्हणजे दोन मतं, आणि बहुमताला दोन्ही लागतात. तुमचं कोरोसिंक (नोडचे एकमेकांना जाणारे ‘मी चालू आहे’ असे निरोप) त्या एकाच स्विचवरून जातंय. स्विच गेला की प्रत्येक नोड एकटा पडतो. दुसरा मेलाय की नुसती वायर तुटलीय, हे त्याला कळायला मार्ग नाही. एचए चालू असलेल्या नोडचं क्वोरम, म्हणजे बहुमत गेलं, की साधारण ६० सेकंदांत वॉचडॉग (नोडवर नजर ठेवणारा टायमर) त्याला रिस्टार्ट करतो. कारण तो चालूच राहिला आणि दुसऱ्यानेही तीच व्हीएम उचलली, तर एकाच डिस्कवर दोघे लिहितील.

तिसरं मत आणा. जुन्या कॉम्प्युटरवर डेबियन लिनक्स टाकून त्यावर क्यूनेटडी (तिसरं मत देणारा प्रोग्रॅम) बसवा, दोन्ही नोडवर त्याच्याशी बोलणारं क्यूडिव्हाइस. फक्त ते मशीन याच क्लस्टरमधली व्हीएम नको. शिवाय दोन्ही सर्व्हरमध्ये एक थेट केबल टाकून ती कोरोसिंकची दुसरी लिंक करा. बॅकअपच्या वेळी एनएफएसने लाइन भरली, तरी कोरोसिंकचे निरोप अडकणार नाहीत.

उत्तर २

दादा, कोणी ‘पीव्हीईसीएम एक्स्पेक्टेड १’ (एकाच मताला बहुमत मानायला लावणारा कमांड) सुचवलं तर दहा वेळा विचार करा. मी एका पतसंस्थेत होतो तेव्हा असंच लिंक तुटलं. दोन्ही नोडवर तो कमांड मारला, व्हीएमची कॉन्फिग फाइल इकडच्या फोल्डरमध्ये ओढली आणि व्हीएम चालू केली. तिकडे ती आधीपासून चालूच होती. सकाळपर्यंत डिस्कच्या फाइलसिस्टिमची पार वाट लागली. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून निभावलं, पण मधल्या पावत्या आम्ही चौघांनी दोन दिवस बसून हाताने भरल्या. दुसरा नोड खरंच बंद आहे, हे समोर जाऊन डोळ्यांनी बघितल्याशिवाय तो कमांड वापरू नका.

उत्तर ३

नॅस एकच आहे, तो गेला तर दोन्ही नोड असून काय उपयोग? झेडएफएस रेप्लिकेशनचा विचार केलात का? प्रत्येक सर्व्हरची स्वतःची डिस्क, प्रत दुसऱ्यावर. सेफ (Ceph, सगळ्या नोडच्या डिस्क मिळून एक साठवण करणारी प्रणाली) तीन नोडशिवाय मी सुचवणार नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. रेप्लिकेशन वाचून काढलं. मुळात दर १५ मिनिटांनी प्रत जाते. मिनिटावर आणलं तरी तेवढ्यातली वजनं जाऊ शकतात. शेतकऱ्याच्या हातात पावती आणि आमच्याकडे नोंदच नाही, हे मला चालणार नाही. ऊसबिलांची व्हीएम तशी हलवता येईल, काटा नॅसवरच ठेवतोय. नॅसला दुसरा जोडीदार मागितलाय, मंजुरी मिळेल तेव्हा खरं.

टाइम ऑफिसमधल्या जुन्या मशीनवर वेगळ्या यूपीएसवर क्यूनेटडी बसवलं. थेट केबलही टाकली. काल दुपारी मिलच्या सफाईसाठी गाळप थांबलं होतं, तेव्हा स्विचची वायर काढून तीन मिनिटं थांबलो. काट्याची स्क्रीन गोठली, पण दोन्ही नोड जागेवर राहिले; स्विच आल्यावर काम तिथूनच पुढे चालू. मग काट्याच्या नोडचीच पॉवर काढली. व्हीएम दुसऱ्या नोडवर नव्याने चालू व्हायला चार मिनिटं लागली.

एवढा वेळ लागणारच का, की यात काही कमी करता येतं?

उत्तर १

लागणारच. मेलेल्या नोडचं लॉक सुटायलाच दोन मिनिटं जातात, मग व्हीएम पहिल्यापासून बूट होते. तो वेळ छाटायच्या मागे लागू नका. काट्यावरच्या माणसाला मात्र सांगून ठेवा: स्क्रीन गेली तर शेवटच्या पावतीचा नंबर वहीत टिपायचा, आणि काटा आल्यावर ती नोंद आत आहे का, ते आधी बघायचं.