मदत हवी आहे: डाळ मिलवर माणसं एजन्सीकडून घ्यावी की सुटी, म्हणजे आपणच थेट लावावी?

तूरवाला_जळगाव: उद्या सकाळी हो-नाही कळवायचंय. तुरीची आवक सुरू झाली आणि मिलवर १४ माणसं कमी आहेत. एजन्सीवाला म्हणतो, सोमवारी सगळी उभी करतो. पण मजुरीवर त्याचं कमिशन, वर जीएसटी. सुटी लावावी तर मागच्या वर्षी ६ जण उचल घेऊन होळीला गेले ते आलेच नाहीत. लवकर सांगा.

यावलकर: आधीची किती? काम कोणतं? डाळ कशात भरता? हे न सांगता काय सांगणार, भाऊ?

तूरवाला_जळगाव: आधीची ९. वाळवण आणि चढ-उतार. ५० किलोचे कट्टे. त्याचा काय संबंध?

हिशेबनीस: तिथेच तर सगळं आहे. डाळीच्या २५ किलोच्या वरच्या कट्ट्याला जीएसटी नाही, म्हणजे विक्रीवर करच नाही, म्हणून एजन्सीच्या बिलावरचे जीएसटीचे १८ टक्के परत मिळणार नाहीत. शिवाय ९ आणि १४ मिळून २३. २० झाले की पीएफ लागू, एजन्सीची माणसंही त्यात मोजतात.

रावेरचा_केळीवाला: उक्तं द्या. केळी कापणीला आम्ही टोळीच लावतो, क्विंटलवर भाव. कटकट नाही.

यावलकर: केळीची गाडी भरली की टोळी मोकळी. वाळवणीला दिवसभर माणूस लागतो, तिथे उक्तं कसं जमणार?

जिनिंग_धरणगाव: एजन्सी घेतलीत तरी सुटका नाही. आमच्या एजन्सीने पीएफ कापला, भरला नाही. पीएफ कोणाकोणाचा भरला त्या चलनाची यादी मागवली तर आमच्या ११ जणांपैकी ४ नावं. बाकीचं आम्हाला भरावं लागलं, कारण मुख्य मालक आपणच. यादी हातात आल्याशिवाय बिल देऊ नका.

नवउद्योजक: सॉर्टेक्स, म्हणजे डाळ निवडायचं मशीन टाका. पीएमएफएमई या केंद्राच्या अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के अनुदान, १० लाखांपर्यंत.

यावलकर: सॉर्टेक्स कट्टे उचलतं का?

चोपडेकर: सातपुड्यातली आदिवासी माणसं भोंगऱ्याला, म्हणजे होळीआधीच्या बाजाराला, घरी जाणारच, वर्षाचा सण आहे तो. उचल एकदम देऊ नका. थोडी आता, बाकी होळीनंतर कामावर आल्यावर. आमच्याकडे तीच माणसं ५ वर्षं येताहेत. त्या ६ जणांशी नंतर बोललात का?

तूरवाला_जळगाव: नाही. एकाचा गेल्या आठवड्यात फोन आला होता. रागात होतो, घेतला नाही.

चोपडेकर: मग एजन्सीला कळवण्याआधी त्याला फोन लावा. आजच.