कार ऑडिओ: जाणकार दुकानदार की स्वस्त ऑनलाइन? आपापले अनुभव लिहा

परवा गाडीतल्या स्पीकरने मान टाकली. उजव्या दारातला आधी खरखरला, मग गपगार. आता बदलायचेच तर चारही बदलू म्हणून चौकशीला निघालो नि तिथेच अडकलोय. दुकानदार खरंच जाणकार आहे, पाऊण तास गाडीत बसून माझीच गाणी लावून ऐकत होता, पण तो सांगतोय तो आकडा आणि ऑनलाइन दिसतोय तो आकडा यात चांगलीच तफावत आहे, वेगळं फिटिंग धरलं तरी. त्याच्याकडे ऐकायचं आणि घरी येऊन मोबाइलवर मागवायचं हे मनाला पटत नाही (दोन रात्री पटवून बघितलं). ज्यांनी केलंय त्यांनी सांगा, फायदा झालेल्यांनीही आणि फसलेल्यांनीही.

खरखरदास: मी ऑनलाइनवाला. दारातलं भोक साडेसहा इंची, मागवलेले स्पीकर साडेसहा इंची, लावले तर झकास बसले, फोटो काढून चार जणांना पाठवलेसुद्धा. मग काच खाली केली. अर्ध्यात टक्क! मॅग्नेट काचेच्या वाटेत. घेर सगळेच बघतात हो, मागची खोली कोण बघतो? मग रिंगा मागवल्या स्पीकर पुढे आणायला, तर वरची जाळी बसेना. वाचलेले पैसे त्या रिंगांत आणि दोन रविवारांत गेले.

वाचनमात्र: वाचतेय. मलाही घ्यायचेत.

बेसूर: माझं फिटिंग घरच्या घरी, दोन व्हिडिओ बघून. आवाज मोठा झाला पण बेस कुठे गेला कळेना. चार महिने कंपनीला शिव्या घातल्या, रिव्ह्यूमध्ये एक स्टार दिला. शेवटी एका जुन्या फिटरकडे गेलो. त्याने मशीन वगैरे काही काढलं नाही, स्टिरिओच्या मागून स्पीकरच्या वायरी सोडवल्या आणि खिशातून साधा दीड व्होल्टचा पेन्सिल सेल काढून टेकवला. डाव्या दारातल्या स्पीकरचा कोन (पुढचा हलणारा पडदा) किंचित बाहेर आला. उजवीकडे टेकवला तर तो आत गेला! म्हणजे एका बाजूची प्लस-मायनस उलटी, एक कोन हवा ढकलतोय तर दुसरा ओढतोय, मग बेस एकमेकांत जिरणार नाहीतर काय होणार. दोन मिनिटांचं काम. पैसे नावाला घेतले पण बोलणी भरपूर खाल्ली. रिव्ह्यू अजून बदलला नाहीये, आज बदलतो.

डिकीतला ढोल: इथे सगळे दुकानदाराची आरती करतायत म्हणून दुसरी बाजू. मला भेटलेला 'एक्सपर्ट' खोक्यावरचा आकडा वाचून दाखवणारा निघाला. म्हणे स्टिरिओ चार गुणिले पन्नास वॅट आहे, अँप (आवाजाला ताकद देणारा वेगळा अँप्लिफायर) कशाला हवा. आता गाडीची बॅटरी 12 व्होल्टची, इंजिन चालू असताना साधारण 14 च्या आसपास, आणि स्पीकर 4 ओहमचा, तर स्टिरिओच्या आतल्या चिपमधून एका चॅनलला स्वच्छ असे 20-25 वॅटच्या वर निघणार कुठून? ते पन्नास म्हणजे क्षणभराचं शिखर. बघायचा तो आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी ताकद. मी आवाज वाढवत गेलो, स्टिरिओ क्लिप होत गेला (ताकदीबाहेर जाऊन आवाज फाटत गेला) आणि दोन्ही ट्वीटर (बारीक आवाजाचे छोटे स्पीकर) जळाले. दुकान चकाचक होतं, कॉफी मशीनसकट. त्यामुळे महाग म्हणजे जाणकार असं काही नसतं, एवढंच.

पाना-पक्कड: मी स्वतः फिटिंगच करतो. लोक खोकी घेऊन येतात, माझी ना नाही, फिटिंगचे पैसे घेतो नि लावून देतो. पण एक किस्सा. एकाने ऑनलाइन अँप मागवला, सोबत वायरिंग किट फुकट आलेलं. वायर बोटाएवढी जाड, म्हणून साहेब खूश. मी ब्लेडने एक तार खरवडली, वरचा तांब्याचा रंग गेला आणि आत पांढरी. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा! तेवढ्याच जाडीची तांब्याची वायर जेवढा करंट नेते तेवढा ही नेत नाही, तापते. त्यात आधीच्या कोणीतरी फ्यूज अँपजवळ टाकलेला, डिकीत. फ्यूज बॅटरीपासून फूट-दीड फुटाच्या आत पाहिजे, कारण मध्ये कुठे वायर घासून बॉडीला टेकली तर पेटणार ती वायर, आणि डिकीतला फ्यूज नुसता बघत बसणार. हे बिलात कुठे लिहिलेलं नसतं, म्हणून लोकांना वाटतं आम्ही उगाच जास्त लावतो. आणि हो, तासभर डेमो ऐकून "विचार करून सांगतो" म्हणणारे आम्हाला दारातूनच ओळखू येतात.

गाडीढकल: फिटर स्वस्तातला शोधू नका. माझ्याने स्टिरिओची लाल आणि पिवळी वायर एकत्र पिळून थेट बॅटरीला जोडली होती. लाल चावीबरोबर बंद व्हायला हवी ना, तर स्टिरिओ बॅटरी पीत राहिला. आठवड्याने गावाहून आलो तर गाडी ढिम्म.

बेसूर: @गाडीढकल, आयडी सार्थ आहे 😀

निम्मेनिम्मे: मी वाटणी केली. स्टिरिओ ऑनलाइन, कारण गाडीच्या मॉडेलचा कपलर (मूळ प्लगात बसणारा जोड) मिळत होता, मूळ वायर एकही कापली नाही, वॉरंटीची कटकट नको. फक्त स्टीअरिंगवरची बटणं वेगळा अडॅप्टर आणेपर्यंत मुकी होती. स्पीकर आणि दारांचं डॅम्पिंग (पत्र्याची थरथर दाबणं) मात्र दुकानातून, कारण ते ऐकून घ्यायची वस्तू. पत्र्याला शीट लावल्यावर दार बंद करतानाचा आवाजसुद्धा बदलला, बायकोने तेवढंच नोटीस केलं.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. काल परत गेलो आणि मोबाइल सरळ त्याच्यासमोर ठेवला, म्हटलं हा फरक आहे, काय करू? चिडला नाही. म्हणाला स्टिरिओ तुम्ही आणा, त्या किमतीत मला परवडत नाही, स्पीकर माझ्याकडून घ्या आणि वर्षभरात काही खरखरलं तर दार मी उघडून बघणार. मी आरएमएस विचारलं, मागची खोली विचारली, फ्यूजचंही विचारलं (अँप नाहीये माझा, तरी). तो माझ्याकडे बघतच राहिला. शनिवारी सकाळी गाडी द्यायचीय. पेन्सिल सेल खिशात टाकून ठेवलाय.